थेरबाईंचा पत्ता

नगर,
११ जानेवारी २०२४

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बराच वेळ बोललीस, पण मला ‘नुपूर’ आणि ‘अमेरिका’ एवढंच ऐकू आलं. कानातलं यंत्र मध्येच शिट्टी वाजवायला लागतं, मग मी नुसतं हो हो करते. तेव्हा यापुढे आपलं पत्रच बरं. बोटं अजून चालतात. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून अक्षरंही स्वच्छ दिसतात.

नुपूर ऑगस्टमध्ये बोस्टनला शिकायला जाणार, हे शेजारच्या मुलाने तुझा मेसेज वाचून दाखवला तेव्हा कळलं. पोरगी हुशार आहेच. पण खरं सांगू, ‘अमेरिका’ म्हटल्यावर मला वेगळंच काही आठवलं. ते तुझ्या वडिलांना आवडायचं नाही, म्हणून तुला कधी सांगितलं नाही. आता माझा भाऊ नाही, आणि मीही अठ्ठ्याहत्तरची झाले.

माझ्या आईच्या आईची आई, म्हणजे माझी पणजी ठकूबाई. सत्त्याहत्तरच्या दुष्काळात, म्हणजे १८७७ साली, तिचे आईबाप गेले. सहा वर्षांची पोर. टाकळीत तेव्हा एक अमेरिकन बाई मुलींची शाळा चालवायच्या. त्यांनी तिला उचलून घरी नेलं, वाढवलं, लिहायला-वाचायला शिकवलं. गाव त्यांना थेरबाई म्हणायचं. पणजी पंधरा वर्षांची असताना बाई मायदेशी गेल्या. ‘वर्षाने येते’ म्हणाल्या आणि आल्या नाहीत. आमच्या घरात त्यांचं नाव निघालं की एकच वाक्य असायचं, ‘गेली आणि विसरली.’

मी पणजीला पाहिलं आहे. ती गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. ती लाल भोपळ्याचा गर दालचिनी घालून कणकेच्या पारीत भरायची आणि तव्यावर झाकण ठेवून वर निखारे घालायची. त्याला आम्ही थेरपोळी म्हणायचो. नगरमध्ये दुसऱ्या कुणाच्या घरी मी तो पदार्थ खाल्ला नाही.

या बाई कोण, कुठल्या, त्यांचं पुढे काय झालं, एवढं मला शोधून देशील का? तू शाळेच्या लायब्ररीत काम करतेस, तुला जमेल. पियूषरावांना आशीर्वाद.

तुझी,
चारू आत्या


दोहा,
९ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र पियूषच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये आलं. त्याने ते घरी आणलं तेव्हा नुपूर म्हणाली, “मम्मा, इज धिस रिअल? समवन रोट अ लेटर?” तुझं अक्षर बघून मला तिसरीतली शुद्धलेखनाची वही आठवली. सुट्टीत तुझ्याकडे आले की रोज दहा ओळी लिहिल्याशिवाय तू आम्हाला चिंचेखाली जाऊ द्यायची नाहीस.

आत्या, मी हे सगळं पहिल्यांदाच ऐकतेय. बाबा एवढंच म्हणायचे की आपल्यात एक बाई मिशनमध्ये वाढली होती, ते लोकांना सांगायचं नाही.

तीन शुक्रवार मी शोधतेय. इथे शुक्रवारी सुट्टी असते. पियूष मशिदीच्या गर्दीआधी भाजी आणायला जातो आणि मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडते. आमचं अल थुमामाचं घर विमानतळाजवळ, त्यामुळे दर थोड्या वेळाने काचा थरथरतात. ‘थेर’ म्हणजे थेरेसा असेल असं धरून मी मिशनच्या जुन्या यादीतल्या सगळ्या थेरेसा पाहिल्या. एक सोलापूरला होती, पण ती आली १९०२ मध्ये. बाकी कुणी जुळत नाही.

बाईंचं वय, दिसणं, त्यांच्या गावाचं नाव, काहीही आठवत असेल तर लिही. हे पत्र धनाजीच्या हाती पाठवतेय. तो पारनेरचा, इंडस्ट्रियल एरियात पियूषच्या कंपनीची बस चालवतो. दोन महिन्यांच्या रजेवर निघालाय. मला नगर म्हटल्यावर म्हणाला, “ताई, माझ्या वाटेवरच आहे की.”

तुझी,
आसावरी


नगर,
४ मार्च २०२४

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

धनाजी आला होता. पत्र दिलं, वर खजुराचा डबा दिला, आणि चहा पिता पिता सहा वर्षांत मुलाला तीनदा पाहिलं असं सांगून गेला. जाताना उगाचच माझ्या पाया पडला.

बाईंबद्दल पणजीकडून ऐकलेलं सांगते. उंच, हाडापेराने मोठ्या. एका गुडघ्याने अधू, लहानपणी बर्फावरून घसरून पडल्या होत्या. त्यांच्या गावात झाडाला भोक पाडून गोड रस काढतात आणि आटवून त्याची काकवी करतात. पणजीला ते खोटं वाटायचं. बाईंची एक बहीण होती, लिडिया. दर पत्राच्या शेवटी त्या पणजीचा अंगठा शाईत बुडवून उमटवायच्या आणि म्हणायच्या, “लिडियामावशीला नमस्कार कर.”

गावाचं नाव पणजी विसरली होती. मी तिला पुष्कळदा विचारलं होतं.

इकडे ऊन कडक झालं आहे. तुमच्याकडे तर काय असेल.

तुझी,
चारू आत्या


दोहा,
१२ एप्रिल २०२४

ती. आत्यास,
सा. न.

बाई सापडल्या.

रमजानमध्ये शाळा लवकर सुटते. अल गराफ्याहून घरी येताना माझ्याबरोबर गाडीत रिफत असते. ती लाहोरची, आमच्याकडे इतिहास शिकवते. मी तिला सहज ही गोष्ट सांगत होते. ती म्हणाली, “थेर नहीं, आसावरी. थेयर होगा. ये उनका सरनेम होता है.” मी गाडी कडेला घेतली. दोन महिने मी बाईंना त्यांच्या पहिल्या नावात शोधत होते आणि गावाने त्यांना आडनावाने हाक मारली होती.

अबिगेल थेअर. जन्म १८४२, गाव ॲल्डन, राज्य व्हरमाँट. वडिलांची छोटी शेती आणि गाई. धाकटी बहीण लिडिया. झाडांच्या रसाची गोष्ट खरी आहे, ते मेपलचं झाड. सव्विसाव्या वर्षी जहाजाने मुंबईला आल्या. तिथून नगर, आणि मग टाकळी. अठरा वर्षं तिथे काढली. १८८६ मध्ये आई आजारी म्हणून परत गेल्या. ॲल्डनच्या लहानशा लायब्ररीत लिडियाच्या घरातले कागद आहेत. तिथल्या बाईंनी ईदच्या सुट्टीत मला स्कॅन पाठवले.

बाई पुढे गावातच शिकवत राहिल्या. लग्न केलं नाही. बहिणीच्या मुलांमध्ये रमल्या. पणजीची आठवण काढायच्या. १९११ मध्ये शांतपणे गेल्या. त्यांचा दगड अजून तिथे आहे, फोटो सोबत पाठवतेय.

आता तुला समाधान वाटेल ना?

तुझी,
आसावरी


नगर,
६ मे २०२४

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

फोटो मी देवाजवळ ठेवला आहे. अबिगेल. सकाळपासून तोंडात घोळवते आहे. इतकी वर्षं त्या आमच्यासाठी नुसत्या बाई होत्या.

पण आसावरी, मी एकेचाळीस वर्षं वर्गावर काढली आहेत. वहीची दोन पानं चिकटवून कुणी काही झाकलं की मला बाहेरूनच कळतं. ‘आठवण काढायच्या’ म्हणजे काय? कुणाजवळ, केव्हा? अठरा वर्षं ज्या बाईने टाकळीत काढली ती परत का आली नाही? मला समाधान नको आहे, मला काय झालं ते हवं आहे.

आणि एवढं मुद्दाम सांग. त्यांनी पणजीला पत्रं लिहिली होती का?

तुझी,
चारू आत्या


दोहा,
२८ जून २०२४

ती. आत्यास,
सा. न.

उत्तराला उशीर केला, मुद्दामच. दोनदा लिहून फाडलं. बाहेर सेहेचाळीस डिग्री आहे आणि आम्ही दिवसभर पडदे ओढून बसतो. नुपूरच्या बॅगा भरणं चालू आहे. मला वाटलं होतं, तू विसरशील. तू कधी विसरली आहेस?

बाईंची एक डायरी आहे. मी तिच्यातलं तुला सांगितलं नाही, कारण तुला वाईट वाटेल असं वाटलं. पणजीचं लग्न तिच्या मर्जीने सावळाराम सुताराशी झालं, हिंदू रीतीने. तिला तो आवडला होता आणि बाईंनी तिला अडवलं नाही. त्या मंडपात उभ्या राहिल्या. हे त्यांच्या मिशनच्या मंडळाला रुचलं नाही. तुम्ही वाढवलेली मुलगी परत तिकडे कशी जाऊ दिलीत, असं विचारलं गेलं. आई वारल्यावर बाईंनी परत पाठवा म्हणून चार अर्ज केले. चारही वेळा, तुमची तब्येत हिंदुस्थानला झेपणार नाही, असं उत्तर आलं. बाईंनी डायरीत लिहिलंय की गुडघा सोडून मला काहीही झालेलं नाही.

आणि हो, पत्रं लिहिली होती. दर नव्या वर्षी एक, अकरा वर्षं, मराठीत. १८९७ च्या शेवटच्या पानावर आहे ते शब्दशः देते: ‘ठकूचं याही वर्षी पत्र नाही. ती सुखात असेल आणि मला विसरली असेल. मुलींनी सुखात असावं म्हणूनच मी गेले होते. पुढच्या वर्षी लिहिणार नाही.’

आत्या, आपल्या घरात म्हणत होते की बाई विसरली. तिकडे बाई म्हणतेय की ठकू विसरली. हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. नुपूरने विचारलं, “व्हॉट हॅपन्ड?” मी तिला लॅपटॉपवर ते पान दाखवलं.

मला एक कळत नाही. पत्रं होती हे तुला कसं सुचलं? मी तर तसा शब्दही लिहिला नव्हता.

तुझी,
आसावरी

ता. क. नुपूरची दहावी झाली की परत येऊ, असं मी तुला म्हटलं होतं. तिची बारावीही झाली. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आज मीच लिहिते. पियूषने कंपनीचं नवं कॉन्ट्रॅक्ट घेतलंय, आणखी चार वर्षांचं. हेही मी चिकटवलेलं पान होतं.


नगर,
२० जुलै २०२४

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

चार वर्षांचं काय ते मला धनाजीच्या तोंडून एप्रिलमध्येच कळलं होतं. परत निघताना भेटायला आला होता. मी रागावलेली नाही. लेकरं जिथे पोट भरतं तिथे राहतात. फक्त येशील तेव्हा नुसतं तोंड दाखवून जाऊ नकोस, महिनाभर राहा.

आता माझं ऐक. तू लपवलंस ते दोन महिने. मी सत्तर वर्षं लपवलं आहे.

पत्रं आली होती हे मला ठाऊक होतं. टाकळीला टपाल आठवड्यातून एकदा यायचं आणि पाटलाच्या ओट्यावर वाटलं जायचं. बाईंचं पत्र पणजोबा सावळाराम घ्यायचे आणि बंबात घालायचे. अकराच्या अकरा. त्यांना वाटायचं, बाई बोलावतील आणि ही जाईल. लोक आधीच तिला बाटगी म्हणत होते. पणजोबा वाईट नव्हते. पणजीवर त्यांनी आयुष्यात आवाज चढवला नाही, तिच्यासाठी शिसवी पेटी केली, मुलींना शाळेत घातलं. पण हे केलं. मरताना, एकतीस साली, त्यांनी तिला सांगितलं. तिने पुढे तेवीस वर्षं कुणाजवळ काढलं नाही. घरातले ‘गेली आणि विसरली’ म्हणायचे आणि ती ऐकून घ्यायची, नवऱ्याचं नाव जाऊ नये म्हणून.

मग चोपन्न साली तिने मला जवळ बोलावलं. मला नुकतं नीट लिहायला यायला लागलं होतं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, हात कापायचे. म्हणाली, “चारे, मी सांगते ते लिही. आईला सांगू नको.” तिने मला सगळं सांगितलं आणि पत्र लिहून घेतलं. मी विचारलं, “पणजी, बाई शंभराच्या वर झाल्या असतील. कशा असतील त्या?” ती म्हणाली, “त्या नसतील. त्यांच्या घरचं कुणीतरी असेल की.”

मी पत्र घेऊन पोस्टात गेले. मास्तर चांगले होते. त्यांनी पाकीट उलटंसुलटं केलं. त्यावर नुसतं ‘थेरबाई, अमेरिका’ होतं. म्हणाले, “बाळ, अमेरिका हे काय गाव आहे का? आजीला विचार, कुठलं शहर, कुठलं राज्य.” मी घरी आले. पणजी ओसरीत बसली होती, माझ्या पावलांचा आवाज ऐकून म्हणाली, “टाकलंस?” तिला गाव आठवणार नाही हे मला माहीत होतं. मी म्हणाले, “टाकलं.”

त्यानंतर महिन्याभरात ती गेली. त्या महिन्यात ती फार हलकी झाली होती गं. सगळ्यांशी हसून बोलायची, भोपळा करून घाला म्हणायची. मी रोज सांगू का सांगू का करत राहिले. मग सांगायला माणूसच उरलं नाही.

पत्र माझ्याकडे आहे. शाळा बदलल्या, घरं बदलली, ते बरोबर आलं. दोनदा जाळायला काढलं, पण जाळायचं कसं? आधीची अकरा तशीच गेलेली.

आता तू मला पत्ता दिला आहेस. धनाजीचा मावसभाऊ पुढच्या आठवड्यात दोह्याला परत निघतो आहे, त्याच्या हाती पाकीट देते. मी ते उघडलेलं नाही, तू उघड. नुपूर तिकडे चाललीच आहे. बाईंच्या घरचं कुणी असेल तर त्यांच्या हातात, नाहीतर त्या दगडापाशी, तिने एवढं वाचावं. मराठी नीट येत नसेल तर तू शिकव.

तुझी,
चारू आत्या


दोहा,
१६ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
सा. न.

पाकीट पोचलं. पियूष स्वतः इंडस्ट्रियल एरियात जाऊन घेऊन आला. त्या मुलाने ते शर्टाच्या आतल्या खिशात, प्लास्टिकमध्ये घालून आणलं होतं.

आम्ही तिघांनी मिळून उघडलं. नुपूरला म्हटलं, तू वाच. तिला तुझं तिसरीतलं अक्षर लागलं, आत्या, माझ्यापेक्षा लवकर. एकेक शब्द जोडत वाचत गेली. ‘रागावले होते’पाशी थांबली आणि पहिल्यांदाच मला मराठीत म्हणाली, “मम्मा, हे ती आपल्याला नाही सांगत. आपण मध्ये आलोय.” मग पाच दिवस रोज संध्याकाळी आम्ही दोघी बसलो. ती आता ते न अडखळता वाचते.

ॲल्डनच्या लायब्ररीतल्या बाईंना मी लिहिलं होतं. लिडियाच्या वंशातल्या एक बाई गावात आहेत, रूथ नावाच्या, ब्याऐंशीच्या. त्यांनी ‘मुलीला पाठवा’ असं कळवलंय.

तू खोटं बोललीस म्हणून पणजी सुखाने गेली. मंगळवारी नुपूरचं विमान आहे. डिसेंबरमध्ये मी येतेय, महिनाभर.

तुझी,
आसावरी


बोस्टन,
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्याआजी,
नमस्कार.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. मम्माला दाखवलं नाही. चुका असतील तर लाल पेनाने खूण कर आणि मला परत पाठव.

शनिवारी मी बसने ॲल्डनला गेले. चार तास लागले. सगळी झाडं लाल होती. दोह्यात मी झाडं अशी कधी बघितली नाहीत, तिथे आम्ही पार्कमध्ये पाणी देणाऱ्या पाइपा बघतो. रूथ स्टॉपवर आली होती. ती उंच आहे. तिच्याकडे काठी आहे. मला वाटलं होतं ती मोठी मिठी मारेल, पण तिने फक्त हात धरला आणि सोडला नाही.

आधी आम्ही दगडापाशी गेलो. मग तिच्या किचनमध्ये बसलो. मी सांगितलं की मी आधी मराठीत वाचणार, मग इंग्लिशमध्ये सांगणार. ती म्हणाली, सावकाश वाच. मी वाचलं. तुला पाठ असेल, तरी परत लिहिते, कारण मला लिहायचं आहे:

‘तीर्थस्वरूप बाईंच्या सेवेशी, ठकूचा साष्टांग नमस्कार. तुमची पत्रं आली होती. ती माझ्या हाताला लागली नाहीत. तुम्ही लिहीत होता हे मला फार उशिरा कळलं. मी तुमच्यावर रागावले होते. आता नाही. ज्यांनी पत्रं दिली नाहीत त्यांच्यावरही तुम्ही रागावू नका, मी निघून जाईन म्हणून ते भीत होते. मला पाच मुलं झाली. तिन्ही मुलींना मी वाचायला शिकवलं. भोपळा तुमच्यासारखा करते, पण लोणी कमी घालते. तुमचा गुडघा बरा असेल. लिडियामावशीला नमस्कार. उत्तर आलं नाही तरी चालेल. तुमची ठकू. लिहिणार चारू, इयत्ता तिसरी.’

मी इंग्लिशमध्ये सांगायला लागले, तर रूथने मला मध्येच थांबवलं. तिने विचारलं, ते नाव परत म्हण. मी म्हटलं, ठकू. ती उठली आणि आतून एक जुनं बायबल घेऊन आली. त्याच्या पहिल्या पानावर त्यांच्या घरातल्या सगळ्यांची नावं लिहिलेली आहेत. लिडियाला १८९९ मध्ये शेवटची मुलगी झाली. नाव ॲलिस टाकू. बाजूला लिहिलंय, अबिगेलने नाव ठेवलं. मग ॲलिसची मुलगी मार्था टाकू. मग रूथ टाकू. त्यांच्या घरात प्रत्येक मोठ्या मुलीचं मधलं नाव टाकू असतं. का ते कुणालाच माहीत नव्हतं. रूथच्या आजोबांना वाटायचं ते एखाद्या नदीचं नाव असेल. शाळेत तिला मुलं चिडवायची म्हणून ती ते लपवायची.

आत्याआजी, त्यांनी पत्र बंद केल्यावर दोन वर्षांनी हे नाव ठेवलं.

रूथने विचारलं, याचा अर्थ काय? मला येत नव्हतं. मी मम्माला फोन केला. मम्मा म्हणाली, ठकू हे घरातल्या लहान मुलीचं लाडाचं नाव, ठकी म्हणजे लाकडाची बाहुली. मी तसं सांगितलं. रूथने बायबलमधल्या त्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाली, मी ब्याऐंशी वर्षांची आहे आणि आज मला कळलं की माझं लाडाचं नाव होतं.

पत्र मी तिला दिलं. तिने ते बायबलमध्ये ठेवलं नाही, टेबलावरच ठेवलं. म्हणाली, आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं असतं. मला म्हणाली, तिच्या भाषेत तिचं नाव कसं लिहितात ते दाखव. मी एका कागदावर लिहून दाखवलं. ‘ठ’ तिला चार वेळा काढावा लागला, पाचव्या वेळी गोल नीट बंद झाला. मग तिने खाली इंग्लिशमध्ये लिहिलं. ते मी वाचलं नाही, कारण ते मला लिहिलेलं नव्हतं.

पाकीट सोबत आहे. तिने विचारलं, वर कुणाचा पत्ता लिहू? मी तुझा दिला.

तुझी,
नुपूर